ठिपके की धूळ?

गेल्या दिवाळीत गावी निघालो तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि वायरी जास्त होत्या. लॅपटॉप, त्याचा चार्जर, आणि एका मित्राकडून मागून आणलेला चपटा स्कॅनर. पूर्णा स्टेशनवर उतरलो, धाकट्या भावाच्या मोटारसायकलवर तो स्कॅनर मांडीवर धरून वसमतपर्यंत आलो आणि तिथून पुढे आमच्या गावी. आईने दारातच विचारलं,

"हे काय आणलंस बाबा? वजनकाटा हाय का?"

तर झालं होतं असं. माझ्या भाचीने घरच्या ग्रुपवर एक पुडी सोडली होती. "मामा, आजीच्या रांगोळ्यांचं रंगवायचं पुस्तक कर ना." पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे वर. मावशी, काकू, चुलत भाऊ, झाडून सगळ्यांना कल्पना आवडली. अशा वेळी आवडणारे पंधरा असतात आणि काम एकाच्याच गळ्यात पडतं. कॉम्प्युटरवाला मी एकटाच. मीही म्हटलं, त्यात काय एवढं! वही स्कॅन करायची, रेघा वेगळ्या काढायच्या, खाली रंग भरायचे. दोन दिवसांचं काम.

हे 'त्यात काय एवढं' मला आजवर कधीच स्वस्तात पडलेलं नाही.

आता वहीबद्दल. ही आमच्या घरातली रांगोळीची वही. चित्रकलेची, कोऱ्या पानांची, वरचं पुठ्ठं दोनदा चिकटवलेलं. पुठ्ठ्यावर पत्ता आहे आणि त्यात 'ता. बसमत, जि. परभणी' असं लिहिलंय. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याआधी आम्ही परभणीकर. म्हणजे वही त्याच्याही आधीची. आत साठेक रांगोळ्या, निळ्या बॉलपेनने काढलेल्या. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर हळद.

हळदीचं आश्चर्य वाटायला नको. आमच्याकडे जानेवारी उलटला की शेतातून हळद निघते. ती शिजवायची, पंधरवडाभर उन्हात वाळवायची, मग ढोलात घालून घासायची. त्या दिवसांत घरात पांढरं असं काही उरतच नाही. उंबरा पिवळा, माठ पिवळा, आमच्या टाचा पिवळ्या. शाळेत मास्तर आमच्या वह्या दोन बोटांनी धरायचे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला पहिल्यांदा आठवल्या त्या या पिवळ्या वह्या. मानांकन आमच्या गणिताच्या वहीलाही द्यायला हरकत नव्हती :)

तर पहिलं पान स्कॅनरवर ठेवलं. एकरंगी चित्र आहे, म्हणून शहाणपणा करून 'काळं-पांढरं' असा पर्याय निवडला. जे आलं ते बघण्यासारखं नव्हतं. या पर्यायात स्कॅनर प्रत्येक बिंदूचा निकाल जागेवरच लावतो, एक तर काळा नाहीतर पांढरा, मधलं काही नाही. त्यामुळे रेघांना करवतीसारखे दात आले आणि हळदीचे डाग काळ्या ढगांसारखे पानभर पसरले. मग करड्या छटांमध्ये स्कॅन केलं. दात गेले, पण हळद आता राखाडी होऊन रेघांना चिकटून बसली. कॉम्प्युटरच्या दृष्टीने निळी रेघ पण राखाडी आणि हळद पण राखाडी. कोण कोणाला ओळखणार?

आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "उन्हात ठेव की पान. हळद उन्हानं उडती."

बरोबर आहे तिचं. सदऱ्यावर वरणाचा डाग पडला की तो धुऊन उन्हात टाकायचा, दोन दिवसांत पिवळा रंग विरतो, हे घराघरातल्या बायकांना माहीत असतं. हळदीतला कुरकुमीन हा रंग उजेडात टिकत नाही. पण ऊन काही हळदीपुरतं पडत नाही. बॉलपेनची शाईही उजेडाने फिकी होते आणि जुना कागद तर आणखीनच तांबूस आणि कडक. त्यामुळे ते नको म्हटलं.

रात्री जेवणं झाल्यावर डोक्यात उजेड पडला. एकरंगी चित्रसुद्धा रंगीतच स्कॅन करायला हवं! रंगीत स्कॅन म्हणजे खरं तर एकावर एक ठेवलेली तीन चित्रं असतात. एक लाल उजेडातलं, एक हिरव्या आणि एक निळ्या. हळद पिवळी दिसते, कारण ती निळा उजेड गिळते आणि लाल व हिरवा परत पाठवते. म्हणून निळ्या चित्रात हळदीचा डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल चित्रात जवळपास नाहीसा होतो. निळ्या शाईचं बरोबर उलटं. ती लाल उजेड गिळते, म्हणजे लाल चित्रात ती सगळ्यात गडद. मला हवं होतं नेमकं तेच, हळद जावी आणि शाई उठून दिसावी.

गिंप नावाचा फुकट प्रोग्रॅम मी वापरतो. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५-९६ च्या सुमारास सुरू केलेला, अजून चालू आहे. त्यात 'डिकंपोज' म्हणून सोय आहे, ती चित्राचे हे तीन भाग वेगळे करून देते. फोटोशॉपमध्ये हेच 'चॅनेल्स'मध्ये सापडतं. मी लाल भाग उघडला आणि खुर्चीतून उठलोच. हळद गायब! तीस वर्षांची हळद, एका क्लिकमध्ये. बोटांचे ठसे, सांडलेला रंग, कडेचा पिवळा पट्टा, सगळं साफ. पांढऱ्या कागदावर फक्त रेघा.

खरं सांगायचं तर ठसे गेले म्हणून थोडं वाईटही वाटलं. तसं आईला बोललोही. ती म्हणाली, "हळदीचा डाग काय ठेवायचा? घाण ती." संपला विषय.

मग मी सुटलोच. मागच्या पानावरच्या रांगोळीची सावली पुढच्या पानावर येत होती, तर पानामागे काळा कागद ठेवून स्कॅन करायचं ही युक्ती वापरली. काळ्यावर मागची रेघ दिसेनाशी होते, कागद सगळीकडे सारखा थोडा काळवंडतो आणि तो नंतर उजळता येतो. मग 'लेव्हल्स'. तिथे चित्राचा एक आलेख दिसतो, डोंगररांगेसारखा. उजवीकडे मोठा डोंगर म्हणजे कागद, डावीकडे छोटी टेकडी म्हणजे शाई. मधे सपाट माळ. त्या माळावर किंचित उंचवटा दिसत होता, पण मला वाटलं कागदाचा मळ असेल. पांढऱ्याची खूण मी उजवीकडून ओढत ओढत पार शाईच्या टेकडीपाशी आणली. माळ पांढरा. उंचवटा पांढरा. वरून 'डाग काढा' नावाचं फिल्टर मारलं, ते आजूबाजूच्या रंगात न बसणारे छोटे ठिपके शोधून पुसून टाकतं. कोपऱ्यांत काही खरडलेलं होतं, ते कातरून टाकलं.

रात्री दोन वाजेपर्यंत बारा पानं झाली. रेघा अशा की छापखान्यातून आल्यासारख्या. झोपताना मी स्वतःवर फार खूश होतो.

सकाळी चहा घेता घेता आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, स्क्रीनजवळ तोंड नेलं. एक पान, दुसरं पान, तिसरं. मी कौतुकाची वाट बघतोय.

"आरं, ठिपके कुठं गेले?"

"कुठले ठिपके?"

"ठिपके रे. रांगोळीचे. ठिपक्याबिगर कसं काढावं कुनी हे?"

मी वही उघडून बघितली. आणि मग दिसलं. प्रत्येक रांगोळीत निळ्या रेघांच्या खाली आणि मधे पेन्सिलीचे ठिपके होते. बारीक, फिकट, पण ओळीने. कोपऱ्यात मी जे कातरलं होतं तिथेही पेन्सिलीनेच लिहिलेलं होतं, '१३ ते ७'. ज्यांनी कधी ठिपक्यांची रांगोळी काढली नाही त्यांच्यासाठी सांगतो. '१३ ते ७' म्हणजे मधल्या ओळीत तेरा ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत बारा, अकरा असं सातपर्यंत, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या फटींत. एकूण १२७. यातले बरेच ठिपके रेघांखाली जातात, पण काही मोकळे राहतात आणि त्या मोकळ्या ठिपक्यांवरूनच कळतं की पाकळी किती रुंद, फूल कुठे वळतं. ठिपके नसले तर ते नुसतं चित्र. बघता येतं, रंगवता येतं, दारात काढता येत नाही.

माझ्या बारा पानांवर मोकळा ठिपका एकही शिल्लक नव्हता. तो माळावरचा उंचवटा म्हणजे पेन्सिल होती. मी तिला मळ समजलो. फिल्टरने तर कामच केलं होतं त्याचं, कारण त्याला धूळ आणि ठिपका यातला फरक माहीतच नसतो. दोन्ही लहान, दोन्ही एकटे.

"परत करतो," मी म्हटलं. "पण आई, तू पेनने रेघा काढायचीस तर ठिपके पेन्सिलीने कशाला?"

आई चष्मा पुसायला लागली. म्हणाली, "ठिपके माझे न्हाईत. ठिपके अक्काचे."

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत ती माहेरी परत आली ती कायमचीच. तिचा नवरा गेला तेव्हा ती पंचविशीचीही नव्हती. मी कळता झालो तेव्हापासून ती घरात होती. आम्हाला न्हाऊ घालणारी, हळद निवडणारी, पहाटे सगळ्यात आधी उठणारी. सणाच्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. ओवाळायला नसे, हळदीकुंकवाला नसे, आणि दारातल्या रांगोळीला तर हात लावत नसे. लहानपणी एकदा मी तिला विचारलं होतं, आत्या तू का नाही काढत रांगोळी? "माझे गुडघे दुखतेत बाबा," म्हणाली होती. तेव्हा ते मला पटलं. ती तेव्हा पस्तिशीत असेल. त्या वयात गुडघे दुखत नसतात हे मला माझे दुखायला लागल्यावर कळलं.

आईने त्या सकाळी जे सांगितलं ते मी पन्नाशीला टेकेपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

आई लग्न होऊन आली तेव्हा तिला धड रांगोळी येत नव्हती. तिच्या माहेरी दारात चार रेघा ओढल्या की झालं. इथे पहिल्याच दिवाळीला सासूबाईंनी सांगितलं, मोठी रांगोळी पाहिजे. आई रात्रभर घाबरून. पहाटे उठून बाहेर आली तर अंगणात सडा टाकून झालेला आणि सारवलेल्या जमिनीवर रांगोळीच्या पांढऱ्या चिमटीचे ठिपके. ओळीने, मोजून, दोरी धरल्यासारखे सरळ. अंगणात कोणी नाही. आत्या दाराच्या आत, उंबऱ्याच्या अलीकडे बसलेली. तिथूनच तिने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. तिसऱ्यावरून उजवीकडं घे. आता दोन सोड. आता खाली ये.

सडा टाकणं हे काम, ते आत्याने केलं तर कोणाची ना नव्हती. रांगोळी हा सण, त्यावर तिचा हक्क नव्हता. ठिपके या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडत होते. आईने विचारलं होतं तिला, कुणी बघितलं तर? आत्या म्हणाली होती, "ठिपके म्हंजे काय रांगोळी न्हाई. जोडल्यावर रांगोळी. जोडतीस तू."

"आणि आजीला माहीत होतं?" मी विचारलं.

"सासूबाईला समदं ठाऊक होतं. बोलल्या न्हाईत. ठिपके टाकस्तोवर त्या उठायच्याच न्हाईत सणाच्या दिवशी. येरवी चारला उठनारी बाई."

वही त्यातूनच झाली. दुपारी कामं उरकली की आत्या पेन्सिलीने ठिपके टाकायची आणि आईला म्हणायची, जोड. कधी आई चुकायची, तर आत्या पेन्सिलीनेच बाजूला फिकट रेघ दाखवायची. म्हणजे ज्या साठ रांगोळ्यांना आम्ही आयुष्यभर 'आईच्या रांगोळ्या' म्हणत आलो, त्यांची मांडणी सगळी आत्याची. गल्लीतल्या बायका आईकडून नक्षी उतरवून न्यायला यायच्या. आई म्हणते, तेव्हा दर वेळी जिभेवर यायचं, आणि दर वेळी अक्का आतून मान हलवायची. नको.

आत्या २०११ साली गेली. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पेपरात ती बातमी मी वाचली होती. चांगलं झालं असं म्हणून पानही उलटलं होतं. त्या बातमीचा आपल्या घराशी काही संबंध आहे असं तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

आणि आता माझ्या लॅपटॉपवर बारा पानं होती, ज्यांतून मी तिला तिसऱ्यांदा आत पाठवलं होतं. एकदा सणाने, एकदा तिने स्वतः, आणि एकदा मी, 'डाग काढा' म्हणून.

असो. रडायला वेळ नव्हता, भाऊबीज दोन दिवसांवर होती.

बारा पानं पुसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ६०० डीपीआयवर. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका ३०० वर जेमतेम सहा पिक्सेलांचा होतो, ६०० वर बाराचा. तेवढी जागा मिळाली की त्याला आकार येतो, तो नुसता डाग वाटत नाही. लाल भागच घेतला, हळद तर घालवायचीच होती, आईचा हुकूम. आता आकडे नीट बघितले. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला, तर माझ्या स्कॅनमध्ये शाई ८० च्या आसपास होती, कागद २४० ला आणि पेन्सिल १९० च्या आगेमागे. म्हणजे पेन्सिल कागदापासून फार लांब नाही. आदल्या रात्री मी पांढऱ्याची खूण १५० ला आणली होती. १५० च्या वरचं सगळं जग पांढरं.

आता त्या लाल चित्राच्या दोन प्रती केल्या. पहिलीत तीच कडक खूण ठेवली, म्हणजे फक्त शाई राहिली. तो आईचा थर. दुसरीत खूण २२५ ला ठेवली, तिथे शाई, पेन्सिल, मळ, कागदाचे धागे, सगळंच राहिलं. मग पहिल्या प्रतीतल्या रेघा निवडल्या, ती निवड दोन पिक्सेलांनी फुगवली आणि दुसऱ्या प्रतीवर तेवढी जागा पांढरी केली. शाई गेली. उरले पेन्सिलीचे ठिपके आणि त्यांच्यासोबत तेवढ्याच आकाराची धूळ.

यापुढे कुठलंही फिल्टर चालणार नव्हतं, हे मला आता कळलं होतं. ठिपका ठिपका आहे हे त्याच्या रंगावरून किंवा आकारावरून ठरत नाही, जागेवरून ठरतं. धूळ कुठेही बसते. ठिपका मात्र मोजून बसवलेला असतो.

मग आई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. मी चित्र मोठं करून सरकवत जायचो आणि ती बोट ठेवायची. "ह्यो ठिपका. ही माती. हा ठिपका. हा बी ठिपका, दिसत न्हाई नीट पर इथंच पायजे. हे काय, माशीचं दिसतंय, काढ." ओळ संपली की ती पुटपुटत मोजायची. अकरा, बारा, तेरा. एके ठिकाणी बाराच भरले. रेघेखाली बघ म्हणाली. लाल चित्रात शाईने सगळं झाकलेलं, काहीच कळेना. निळा भाग उघडला. तिथे निळी शाई फिकी होते आणि पेन्सिल तशीच गडद राहते. सुदैवाने त्या जागी हळद नव्हती. होता तेरावा ठिपका, रेघेच्या बरोबर पोटात. आईच्या तोंडावर जे हसू आलं ते आदल्या दिवशीच्या माझ्या साफसफाईवर आलं नव्हतं.

एका पानाला पाऊण तास लागला. दोन दिवसांत नऊ पानं झाली. बाकीची मी पुण्याला आल्यावर केली, रोज रात्री एक, आई व्हिडिओ कॉलवर.

रंगांचं काम त्या मानाने सोपं. रेघांचे दोन्ही थर वर, रंगाचा थर खाली. वरच्या थरांना 'मल्टिप्लाय' लावलं. यात वरच्या आणि खालच्या रंगाचा गुणाकार होतो. पांढरा म्हणजे एक, तो खालचा रंग तसाच ठेवतो. काळा म्हणजे शून्य, तिथे काळंच राहतं. मधल्या छटा खालचा रंग थोडा गडद करतात, म्हणून रेघेची कड मऊ राहते. जादूच्या कांडीने पांढरा भाग निवडून खोडणारे खूप जण असतात (मीही होतो), त्यांच्या रेघांना मग पांढरी किनार राहते, शर्टाला साबणाचा डाग राहावा तशी. हे थर वेगळे ठेवणं काही कॉम्प्युटरने शोधलं नाही म्हणा. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसमध्ये देवांची चित्रं छापायची तीसुद्धा एकेका रंगाला एकेक दगड करूनच. आमच्या देवघरातली लक्ष्मी त्याच जातीची.

भरण्यात एकच अडचण आली. बॉलपेन मधेच अडकून रेघ तुटलेली, की ओतलेला रंग फटीतून बाहेर पडून पानभर सांडायचा. गिंपमध्ये २०१९ पासून रेघांच्या फटी ओळखून रंग भरायची सोय आहे, तिने बरंच काम केलं. तरी रेघेच्या कडेला पांढरा धागा राहायचा, म्हणून रंग एखाद-दोन पिक्सेल रेघेखाली सरकवावा लागतो. हे मी भाचीला समजावत होतो तर आई म्हणाली, "मग? आमी काय येगळं करतो? आदी रंग भरायचा, मंग वरून पांढरी रेघ फिरवायची. म्हंजे झाकतं." मी तीन व्हिडिओ बघून जे शिकलो ते तिला चिमटीतून माहीत होतं.

रंग भाचीने निवडले. भडक गुलाबी आणि पोपटी. मला ते डोळ्यांवर आले, आजी-नातीला फार आवडले. ठिपक्यांचा थर तेवढा मी कोणाला रंगवू दिला नाही. तो पेन्सिलीच्याच रंगाचा ठेवलाय, राखाडी, पण रंगावरही दिसेल एवढा गडद. आणि कोपऱ्यात '१३ ते ७' परत आहे, तिच्याच अक्षरात.

शेवटचं पान राहिलं. त्या पानावर रेघच नाही. नुसते ठिपके, १५ ते ८, म्हणजे १६९. आत्याने टाकलेले आणि आईने कधीच न जोडलेले. आईला विचारलं, ही कुठली रांगोळी? तिने बराच वेळ बघितलं. तिला आठवेना. आत्याच्या डोक्यात काय होतं ते तिने सांगितलं नाही, की सांगितलं आणि आई विसरली, हेही तिला आता सांगता येत नाही. ती एवढंच म्हणाली की तेव्हा अक्काला बसवत नव्हतं, मग राहून गेलं.

मी गंमत म्हणून त्या पानात रंग ओतून बघितला. रेघ नाही म्हटल्यावर अडवणार कोण, सगळं पान एकदम गुलाबी झालं. परत फिरवलं. ते पान पांढरंच ठेवलंय.

पुस्तक तयार आहे. पहिल्या पानावर 'आईच्या रांगोळ्या' असं लिहिणार होतो, आईने ते खोडायला लावलं. आता तिथे दोन नावं आहेत आणि आत्याचं आधी आहे. नातेवाईक मंडळींनी ग्रुपवर सांगा, पीडीएफ पाठवतो. छापायची असेल तर जाड कागदावर छापा आणि पानाला पान चिकटवून मोठं करू नका, ठिपक्यांमधलं अंतर बिघडतं.

आणि कोणाला ते १५ ते ८ जोडता आलं तर फोटो काढून आईला पाठवा. ती रोज विचारते.